अर्धी बशी उन्हात

३ मार्च, सोमवार

खिडकी झाली!

दोन वर्षं, सात अर्ज, आणि साहेबांच्या टेबलासमोर किती वेळा उभी राहिले त्याची तर गणतीच नाही. शनिवारी गवंड्यानं शेवटचा हात फिरवला, काल काच बसली, आणि आज सकाळी सव्वाआठला विरजणघरात ऊन आलं. पहिल्यांदा! अकरा वर्षं मी या खोलीत पिवळ्या बल्बखाली काढली. आमच्या चीजच्या कारखान्यात सगळ्यांना खिडक्या. धुण्याच्या खोलीला तर दोन-दोन, त्याही पूर्वेला! आणि ज्या खोलीतल्या विरजणावर अख्खा कारखाना चालतो तिला एक नाही. म्हणजे काय!

बाराही चंबू कट्ट्यावर ओळीनं मांडले. एरवी चंबूतल्या गार दुधात विरजण घातलं की थेट उबपेटीत जायचं. आता आधी तासभर उन्हात. दूध जरा माणसात येतं. काय दिसत होते ते! मामासुद्धा दारात थांबले. मामा म्हणजे काचसामान धुणारे, सगळ्या कारखान्याचे मामा. म्हणाले, "छान दिसतंय, मॅडम. पण ऊन दुधाला बरं नव्हे."

घ्या! कौतुक करतील तर शपथ.

६ मार्च

विरजणघरात खायचं-प्यायचं नाही, हा नियम मीच केलेला. म्हणून चहा दाराबाहेर उभं राहून प्यायले — तोंड खिडकीकडे करून.

११ मार्च, मंगळवार

आज मामांवर ओरडले.

आठवडाभर बघतेय, मी वह्या लिहायला वळले की मामा हळूच येऊन चंबूंवर खाकी कागद घालून जातात. मला वाटलं धूळ बसू नये म्हणून असेल. आज विचारलं तर म्हणे, "ऊन लागतं त्यांना." त्यांना! जशी काही अंगणात खेळायला सोडलेली पोरं! माझी दोन वर्षांची खिडकी आणि हे तिच्यापुढे कागद धरणार? चार जणांसमोर बोलले — "माझी खिडकी झाकायची नाही!" कागद टराटरा फाडला आणि केराच्या डब्यात टाकला.

"बरं, मॅडम," म्हणाले आणि गेले.

बावीस वर्षांपूर्वी मी इथे बाटल्या धुवायला लागले तेव्हा त्यांनीच शिकवलं. बूड आधी, गळा नंतर. तेव्हा मला 'पोरी' म्हणायचे. मी इन्चार्ज झाले तेव्हा मीच सांगितलं — मामा, आता चारचौघांत पोरी नको, बरं दिसत नाही. त्या दिवसापासून 'मॅडम'. एकदाही चुकले नाहीत.

जाऊ दे. चंबू झकास दिसत होते.

१२ मार्च

तीन नंबरच्या टाकीतलं दूध गोठलंच नाही. सकाळपासून पाण्यासारखं. विरजण माझं. काल चंबूंत लावलेलं.

१३ मार्च

आणखी दोन टाक्या गेल्या. साहेब दोनदा आले, दोन्ही वेळा नुसतं टाकीत वाकून बघून गेले. ते ओरडतात तेव्हा बरं असतं.

विषाणूच असणार. माणसांना काही करत नाही तो, पण विरजणातल्या जिवाणूंचा काळ! एका जिवाणूत शिरतो, शंभर होऊन बाहेर पडतो, की ते शंभर पुढच्या शंभर जिवाणूंत. विरजण मेलं, दूध तसंच. डोळ्यांना दिसत नाही, पण बशीत पकडता येतो. काचेच्या बशीत जिवाणूंचा दुधी थर वाढवायचा. जिथे विषाणू असेल तिथे थराला स्वच्छ भोक पडतं. एक विषाणू, एक भोक. चाचणी लावलीय.

१४ मार्च, शुक्रवार

बशा म्हणजे नुसती जाळी झालीय. विषाणूच!

साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "जांभळा दिवा लागत होता का?"

रोज सकाळी मी येण्याआधी मामा विरजणघर बंद करून तासभर जांभळा दिवा लावतात. कट्ट्यावर, हवेत जो कुणी विषाणू असेल तो त्या किरणांनी खलास. वहीत रोजची खूण आहे, मामांच्या हातची. साहेब म्हणाले, "खुणा काय हो, कुणीही करतं. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, दिवा लागला असता तर हे झालंच नसतं. त्या दिव्याखाली काही जगत नाही.

१५ मार्च

लेखी दिलं. मी लिहिलं होतं — दिवा लावला गेला नसावा. साहेब म्हणाले, "'नसावा' काय? 'नव्हता' लिहा. चौकशीत असं गुळमुळीत चालत नाही." लिहिलं. सही केली.

मामांना बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "दिवा लावला होता, मॅडम. रोज लावतो." साहेबांकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून. अठ्ठावीस तारखेला चौकशी. तोवर घरी बसायचं, आणि त्यानंतर बहुतेक कायमचंच. त्यांनी हात पुसले, अॅप्रन खिळ्याला अडकवला, बाही सरळ केली. अॅप्रनची!

विरजणघरात विरजण लावणं तूर्त बंद, फक्त चाचण्या. विरजण बाहेरून येतंय. दुसऱ्याच्या विरजणावर आमचं चीज. काय ही वेळ आली!

१७ मार्च, सोमवार

साहेबांना चौकशीसाठी पुरावा हवाय. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, बशीतच दाखवते! फसलेल्या टाकीचं पाणी गाळून घेतलं — इतक्या बारीक गाळणीतून की जिवाणू वरच राहतात, विषाणू तेवढा खाली उतरतो. अर्धं पाणी तसंच ठेवलं. अर्ध्याला कट्ट्यावर जांभळा दिवा दाखवला, अगदी रोजच्यासारखा, तासभर. मग दोन्हींत ताजे जिवाणू मिसळून बशा ओतल्या. दिव्याच्या बशा कोऱ्या राहणार, बिनदिव्याच्या भोकाभोकांच्या होणार. की झालं सिद्ध.

उबपेटीत जागा कमी पडली. चौकशीचे नमुने तिथेच कोंबलेत. दिव्याच्या बशांपैकी चार खिडकीत ठेवल्या, दुपारी जागा झाल्यावर आत सारल्या.

१८ मार्च

काहीतरी भलतंच!

बिनदिव्याच्या बशा — जाळी. ठीक. दिव्याच्या, थेट उबपेटीत गेलेल्या — एखाद-दुसरं भोक. ठीक. आणि दिव्याच्याच, पण खिडकीत राहिलेल्या चार — चाळणी! चारही!

नावं चुकली असतील, हा पहिला विचार. पण बशीवर नाव घालताना माझी चूक? बावीस वर्षांत झालेली नाही. चिठ्ठ्या तीन वेळा तपासल्या. बरोबर आहेत.

मग हे मेलेले उठले कसे?

१९ मार्च

जेवायचा डबा तसाच परत आणला. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, इतकं बरं कधी नव्हतं!

आज एकच बशी. दिवा दाखवलेल्या विषाणूची. तिच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवला आणि खिडकीत ठेवली. शेजारी दुसरी, पूर्ण काळ्या कागदात गुंडाळलेली. उन्हाच्या उबेनं होत असेल तर या गुंडाळलेलीतही व्हायला हवं. नाही झालं तर ऊब नाही, उजेड!

दुपारपर्यंत चारदा जाऊन पाहून आले.

२० मार्च

अर्धी! अर्धी! अर्धी!

बशीच्या बरोबर मधोमध रेघ. कागदाच्या बाजूला तीन भोकं. उन्हाच्या बाजूला दोनशेपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. पूर्ण गुंडाळलेल्या बशीत दोन. कुणी पट्टीनं आखून दिल्यासारखं! मी बंद खोलीत एकटीच उडी मारली. सत्तेचाळिसाव्या वर्षी. गुडघा अजून दुखतोय, दुखू दे.

म्हणजे दिवा लागलेला असूनही विषाणू परत उठू शकतो. म्हणजे मामा — थांब. आधी नीट समजून घे, बाई. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे एकदा करून झालंय.

२१ मार्च

हे शिंपी. बाहेरच्या खोलीत दुकान, त्यामुळे घरात कायम कुणाचं तरी काहीतरी उसवलेलं. आज एका गिऱ्हाइकाचं जाकीट आलं, चेन पार अडकलेली. मी म्हटलं, नवीनच बसवा की. म्हणाले, "अगं, चेन मेलेली नाही. शेजारचे दोन दात एकमेकांना चिकटलेत. ते सुटले की झालं." चिमट्यानं दात सोडवले आणि सर्रकन चेन वर!

मी हातातलं ताट खाली ठेवलं. हेच तर! जांभळा दिवा विषाणूला मारत नाही. त्याच्या आतल्या साखळीतल्या शेजारच्या दोन कड्या चिकटवून टाकतो. साखळी अडकली की त्याला स्वतःची नक्कल काढता येत नाही, म्हणून तो मेल्यासारखा. पण कुणी त्या कड्या सोडवल्या तर?

पण चिमटा कुणाचा? उन्हाचा? उद्या कळेल. आज विषाणूला एकट्यालाच ऊन दाखवून आले, जिवाणू मिसळायच्या आधी. मग काळ्या कागदात गुंडाळून उबपेटीत.

२२ मार्च, शनिवार

काही नाही! एकट्या विषाणूला कितीही ऊन दाखवा, मेलेला तो मेलेलाच. जिवाणूच्या पेशीत शिरल्यावर ऊन मिळालं तरच उठतो. म्हणजे चिमटा पेशीचा आहे, आणि तो उजेडावर चालतो! जिवाणू बिचारा स्वतःच्या दुरुस्तीसाठी हत्यार बाळगून असतो. त्याच हत्यारानं आत आलेल्या विषाणूच्याही कड्या सोडवून देतो. घरमालकानंच चोराची मोडलेली पहार दुरुस्त करून हातात द्यावी! आणि मग चोर घर फोडतो.

राहवेना. कॉलेजच्या बाईंना फोन लावला. ऐंशीच्या पुढे आहेत, आवाज अजून तस्साच, वर्गात पाय थरथरवणारा. एका दमात सगळं सांगितलं. मी म्हटलं, बाई, मी शोध लावला!

बाई म्हणाल्या, "लावलास हो. फक्त सत्तर-पंचाहत्तर वर्षं उशिरा."

पुस्तकात आहे म्हणे! आमच्याच अभ्यासक्रमात होतं! "तो धडा तू ऑप्शनला टाकला असणार," म्हणाल्या. टाकला होता.

माझ्या आनंदावर विरजण. आणि या वेळचं विरजण बरोबर लागलं!

पण मग बाईच रंगात आल्या. अंधाऱ्या अर्ध्यात जी दोन-तीन भोकं होती ना, त्याचंही कारण सांगितलं. कधी कधी एकाच पेशीत चार-पाच मोडके विषाणू शिरतात. प्रत्येकाचा वेगळा भाग मोडलेला. मग याचा हा भाग, त्याचा तो, असं करत एक धड उभा राहतो. "मोडक्या सायकली असतात ना गं, दहांतून एक चालती होते, तसं." फोन ठेवताना म्हणाल्या, "उशिरा का होईना, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. मी नुसतं शिकवलं."

हे ऐकून मला रडू का यावं, कळत नाही.

२३ मार्च, रविवार

चौकशीसाठी मुद्दे काढायला बसले. दिवा लागत होता. दिव्यानं अडकलेले विषाणू हवेतून चंबूंत पडतच असणार. मग त्यांना ऊन कधी लागलं? ही वही मागे चाळली.

३ मार्च — खिडकी. चंबू तासभर उन्हात. पण मग ३ ते १० एकही टाकी गेली नाही. का?

११ मार्च. वाचलं. परत वाचलं.

कागद! आठ दिवस मामा चंबू झाकत होते. त्यांना ना कड्या माहीत, ना चिमटा. त्यांना एवढंच माहीत की ऊन दुधाला बरं नव्हे. ११ तारखेला मी कागद फाडला. १२ तारखेला तीन नंबरची टाकी गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोरानंच लेखी दिलेलं, 'नव्हता' म्हणून. सहीसकट.

२४ मार्च

काही लिहवत नाही.

२५ मार्च

अहवाल दोन प्रकारे लिहिता येतो. एक — दिवा लागत होता, पण उजेडामुळे विषाणू पुन्हा उठला. खरं आहे. मामा सुटतील. कागदाचं कुणी विचारणार नाही, कारण कागद कुणाला माहीतच नाही. ज्या चार जणांसमोर ओरडले ते विसरलेही असतील.

दोन — सगळं.

ह्यांना सांगितलं. सुईत दोरा ओवता ओवता ऐकत होते. म्हणाले, "शिवण उसवायची तर पुरती उसवावी. अर्धी उसवलेली जास्त वाईट दिसते."

मग म्हणाले, "मामांनी तुला पहिल्या दिवशी स्वतःचे हातमोजे दिले होते. आठवतं?" मला आठवत नव्हतं. ह्यांना आठवत होतं!

२६ मार्च

पुरती उसवली.

साहेबांसमोर अर्धी बशी ठेवली. सुरुवातीला कागदावरचं वाचूनच सांगत होते. पण बशी दाखवायला लागले आणि मला काय झालं कुणास ठाऊक, भीतीच विसरले! चेन, चिमटा, चोर, पहार, सगळं सांगितलं. साहेब बशी उजेडाकडे धरून बघत राहिले. म्हणाले, "परत सांगा. पेशीच दुरुस्त करते?" अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला एखादी गोष्ट परत सांगायला सांगितली, आणि तीही न रागावता.

मग बशी खाली ठेवली.

"म्हणजे मामांनी दिवा लावला होता."

"रोज लावला होता."

"मग चूक कुणाची?"

"खिडकीत चंबू मी ठेवले. मामा झाकत होते, तो कागद मी फाडला. आणि दिवा लावलेला-न लावलेला स्वतः न पाहता 'नव्हता' असं मी लिहिलं." 'तुम्हीच लिहायला लावलंत' हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. साहेबांनाही ते आठवलं असावं, कारण ते बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसले.

"हात दाखवून अवलक्षण केलंत तुम्ही," शेवटी म्हणाले. "बघतो."

कारखान्यातून परस्पर मामांच्या घरी गेले. मामी दारात आल्या. "ते झोपलेत," म्हणाल्या. संध्याकाळचे साडेपाच. आतून खोकला ऐकू आला, चांगला जागा असलेला. मी दाराबाहेरूनच मोठ्यानं म्हटलं, "मामा, दिवा लावला होता तुम्ही. सिद्ध झालं! आणि कागदही बरोबर होता!"

खोकला थांबला. दार काही उघडलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मामा सुटले! पूर्ण! नोंदवहीत त्यांच्या नावापुढे काही राहणार नाही. चौकशीत अर्धी बशी हातोहात फिरली. एकानं विचारलं, खिडकी बुजवायची का? मी म्हटलं, बुजवू नका, पडदा पुरे. काळा. आणि तो मीच शिवून घेईन, घरात शिंपी आहे.

माझं काय ते आठवड्यानं कळवणार आहेत. मला मात्र इतकं हलकं वाटतंय की जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले. गुडघ्यासकट.

४ एप्रिल

कळलं. विरजणघर गेलं माझ्याकडून. पडदा शिवून तयार होता, तो नव्या इन्चार्जच्या हातात दिला.

७ एप्रिल, सोमवार

धुण्याच्या खोलीत पहिला दिवस. सहा महिने, मामांच्या हाताखाली. सव्वाआठला दोन्ही खिडक्यांतून ऊन आलं. मामा दोन तास माझ्याकडे पाठ करून बाटल्या धूत होते. मग जवळ येऊन माझ्या हातातली बाटली काढून घेतली.

"अशी नाही, पोरी. बूड आधी."